चार घरांची सुई

"चंपे, जरा सुई दे गं. एवढं दांड भरते आन् पहाटं आणून देते."

हौसा दारात उभी होती. कडेवर भागू, काखेत कापलेल्या जुन्या लुगड्यांच्या दोन घड्या. मी नुकताच दिवा लावून कोनाड्यात ठेवला होता आणि वात आणखी खाली करत होते, कारण रॉकेलची बाटली अर्ध्यावर आली होती आणि महिना संपायला अजून बारा दिवस होते. मी तिच्याकडे वळलेही नाही.

"दिवा लागला हौसा," मी म्हणाले. "तिन्हीसांजेला सुई देतात का कुणी?"

"आगं बाई, व्हय की!" तिनं जीभ चावली. "दिसभर कोळशाच्या पाट्या उचलून डोस्कंच ठिकाणावर न्हाई माजं. मग सकाळच्याला येऊ?"

"ये की."

"उजाडायच्या आत येते. सव्वासाला ना गं गाडी?"

"हळू बोल!" मी धावत दाराशी गेले. "दादांची नोकरी घालवतेस का?"

तिनं तोंडावर हात घेतला, पण हसू काही झाकलं नाही. भागूची मूठ धरून ती म्हणाली, "उद्या बापाला बगायचं, व्हय का न्हाई?" आणि अंधारात आपल्या खोलीकडे गेली. मी दार लावून घेतलं आणि तिथंच उंबऱ्याशी बसले.

ही त्रेचाळीस सालची गोष्ट. कुर्डुवाडीला यार्डाच्या कडेला रेल्वेच्या चार खोल्यांची चाळ होती, त्यातली पहिली आमची, शेवटची हौसाची. माझे वडील, दादा, इंजिनांना पाणी भरण्याच्या नळावर होते. हौसाचे वडील गँगमन. ते त्या आठवड्यात लाइनीवर लांब गेलेले, त्यामुळे घरात ती आणि तेरा महिन्यांची भागू, दोघीच. हौसाचा नवरा पलटणीत होता. भागू पोटात असताना तो गेला, तो परत आलाच नव्हता. पुण्याहून आलेल्या एका फायरमननं गुपचूप निरोप आणला होता, की गुरुवारी सकाळी पलटण इकडून मद्रासकडे जाणार आणि तिथून ब्रह्मदेशात. दादांनी वेळ काढली. सव्वासहाला येणार, पाणी घेणार, वीस मिनिटं थांबणार. हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं. लष्करी गाडीची वेळ फोडणं म्हणजे गंमत नव्हती.

लढाई चौथ्या वर्षात होती आणि दुकानांतून एकेक वस्तू नाहीशी होत चालली होती. माझ्या आईला मात्र टंचाई मानवली होती, असंच म्हणावं लागेल. काड्यापेटीतली प्रत्येक काडी ती जुन्या पात्यानं उभी चिरून दोन करी. साबण आणला की आधी आठवडाभर उन्हात वाळवी, म्हणजे झिजत नाही. चहाची पूड उकळून झाली की ताटात पसरून सुकवायची आणि पुन्हा वापरायची. तिसऱ्या वेळेच्या चहाला दादा गरम पाणी म्हणत, पण आईसमोर नाही.

या सगळ्यात मोठी इस्टेट म्हणजे आमची सुई. शिवणाची सुई बाजारात यायची बंद झाली होती आणि चार घरांत मिळून ती एकच उरली होती. तेल लावलेल्या फलाटीनच्या चिंधीत टोचून डबीत ठेवलेली. तिचे नियम होते. कापडाशिवाय कशात घालायची नाही. शेजारी न्यायची तर दिवेलागणीच्या आत परत आली पाहिजे. हातातून हातात द्यायची नाही, भांडणं होतात, म्हणून घेणारीच्या पदरात टोचून द्यायची. मामीच्या बाळंतपणासाठी आई बार्शीला गेली तेव्हा डबी माझ्या हातात देऊन म्हणाली होती, "चंपे, घर सांभाळलं नाहीस तरी चालेल, सुई सांभाळ." मी सोळा वर्षांची होते. दोन दिवस मी चाळीत अशी काही मिरवले, की बायकांनी मला चांगलीच नावं ठेवली असतील.

आणि बुधवारी दुपारी मी ती मोडली.

दादांच्या वहाणेचा पट्टा तुटला होता. चांभाराकडे चामडं नव्हतं. मला वाटलं, आपणच दोन टाके घालावेत. आई आली की म्हणेल, पोरीनं वहाण टिकवली! सुई अर्धी आत गेली आणि अडली. मी वरवंटा घेतला आणि मागून ठोकली. कट् असा आवाज झाला. नेढ्याकडचा अर्धा भाग माझ्या बोटांत राहिला आणि टोक कुठं उडालं ते कळलंच नाही. सगळी जमीन चाचपली. नाही सापडलं. उरलेला तुकडा मी डबीत ठेवला आणि डबी डब्यांच्या मागं सारली.

तेव्हा हौसा दारात आली आणि मी तिला तिन्हीसांज सांगितली, ती अशी. ती मान डोलावणार हे मला ठाऊकच होतं. कुठल्याही बाईनं डोलावली असती.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? बाजारात खलीलचाचा शिंपी होते, त्यांचं दुकान तासभर तरी उघडं असणार होतं. हौसा भागूला घेऊन पळत गेली असती आणि चाचांच्या पायऱ्यांवर बसून दांड भरून आली असती. पण चाचांकडून ते आईला कळलं असतं. मी मनाशी ठरवलं, की सकाळी उठून मीच चाचांकडे जाईन. चाचा आठला दुकान उघडतात हे मला चांगलं माहीत होतं. तरीही मी तेच ठरवत राहिले. दादा रात्रपाळीला निघाले तेव्हा म्हणाले, "काय गं, तोंड का उतरलंय? आईची आठवण आली?" मी हो म्हणाले.

पहाटे साडेपाचला कडी वाजली.

हौसा न्हाऊन आली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, भागूच्या डोळ्यांत काजळ. पण अंगावर नुसतं एक विटकं धडपं गुंडाळलेलं, गुडघ्यापाशी विरलेलं. तिच्याकडे दोनच लुगडी होती आणि दोन्ही मधोमध विरली होती. अशा वेळी सगळ्याच बायका करायच्या तेच तिनं केलं होतं. विरलेला भाग कापून टाकायचा, चांगले तुकडे जोडून मध्ये शिवण घालायची, तेच दांड. कापून तिनं आदल्या संध्याकाळीच ठेवलं होतं. फक्त शिवायचं राहिलं होतं.

"टोच," तिनं अंगावरच्या धडप्याचं टोक पुढं केलं.

"हौसा," मी म्हणाले, "सुई सापडत नाही गं. काल डबी पडली माझ्या हातून. इथंच कुठंतरी गेली."

एका खोट्यावर दुसरं चढवायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही, याची मला अजून लाज वाटते.

"मग बघू या की!" ती म्हणाली. भागूला तिनं माझ्या अंथरुणावर ठेवलं, कोनाड्यातला दिवा उचलला आणि गुडघ्यांवर बसली. एका हातात दिवा, दुसऱ्या हातानं सारवलेली जमीन चाचपत ती भिंतीच्या कडेकडेनं पुढं सरकू लागली. मग मीही बसले. जी सुई तिथं नव्हतीच ती मी तिच्याबरोबर शोधू लागले. काय करणार? उखळापाशी शोधली. चुलीची राख उपसली. पोत्यांखाली बघितलं. बाहेर यार्डात उजाडायला लागलं होतं. भागू अंथरुणावर बसून आमच्याकडे बघत होती, तिला वाटत असावं आम्ही खेळतोय.

"हौसा, उशीर होईल. तू तशीच जा," मी म्हणाले.

"अशी?" तिनं धडपं हलवून दाखवलं. पलीकडचं सगळं दिसत होतं. "तितं सगळे बाप्ये. आन् ते बघून काय म्हनतील? घरी बायकूची ही दशा हाय, हे घेऊन लढाईला जायाचं व्हय त्यांनी? न्हाई बाई. नेसून जाईन न्हाईतर जानारच न्हाई."

"कुणाचं मागू या का?"

"कुनाकडं हाय दुसरं? एक अंगावर, एक वलनीवर वलं."

खरंच होतं ते. मी परकरातली पोर, आणि आई आपली दोन्ही लुगडी घेऊन गेलेली.

ती पुन्हा वाकली. आणि एकदम "आई गं!" म्हणून मागं बसली.

"काय झालं?"

तिनं गुडघा हातानं दाबून धरला होता. दिव्याच्या उजेडात तिनं माझ्याकडे बघितलं. चांगलंच बघितलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "खडा टोचला." आणि दिवा खाली ठेवून उठली. "आता शोधत बसन्यात राम न्हाई. टाचायला दुसरं काय हाय का तुज्याकडं?"

तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली. लांबून, माढ्याच्या बाजूनं नव्हे, पुण्याकडून. सव्वासहा.

माझी नजर माळ्यावर गेली. आई शिमग्याच्या सुमाराला पळसाची पानं आणून पत्रावळी लावायची. त्या टाचायच्या चोयांची, म्हणजे बांबूच्या बारीक काड्यांची, जुडी तिथं होती. मी पोत्यावर चढून ती ओढली. "पत्रावळीसारखं टाचू या!"

हौसानं दोन्ही तुकड्यांच्या कडा एकमेकींवर धरल्या आणि मी चोई आत खुपसून बाहेर काढू लागले, पानात काढतात तशी. घाईत चोया मोडत होत्या. धागे तुटत होते. यार्डात गाडी आल्याचा, मग थांबल्याचा आवाज आला. हौसाचे ओठ हलत होते, ती चोया मोजत असावी नाहीतर मिनिटं. बेचाळीस चोया लागल्या. ती नेसली, टाचण निऱ्यांत आत घेतलं, मी भागूला उचललं आणि आम्ही पळालो.

गाडी फलाटावर नव्हती, नळापाशी यार्डात उभी होती. खडीवरून, रुळांवरून आम्ही धावत होतो. हौसा अनवाणी होती आणि एका पायानं लंगडत होती. मला वाटलं खडी लागतेय. आम्ही पोचलो तेव्हा इंजिनानं निघायची शिट्टी दिली. वीस मिनिटं संपत आली होती.

डब्याडब्यांतून खाकी माणसं. सगळ्यांचे केस सारखेच कापलेले. हौसा एकेका खिडकीत बघत पुढं पळत होती. तिचं तोंड उघडत होतं आणि आवाज फुटत नव्हता. शेवटी ती ओरडली, "अवो!"

चाळीस माणसांनी वळून बघितलं.

मग माझ्या ध्यानात आलं. ती नवऱ्याचं नाव घेणार नव्हती. मेली असती तरी तिच्या तोंडून ते निघालं नसतं. मी छातीच्या भात्यातला सगळा वारा गोळा केला आणि ओरडले, "सर्जेराव! सर्जेराव नवगिरे! सर्जेराव!"

पुढच्या डब्याच्या दारात एक उंच माणूस आला. एका गालावर साबणाचा फेस, दुसरा गाल तासलेला. त्यानं हौसाला बघितलं आणि उडीच मारली.

मी भागूला त्याच्या हातात दिलं. आयुष्यात पहिल्यांदा बापाला बघून तिनं भोकाड पसरलं. तो हसायला लागला. त्यानं तिच्या गालाला गाल लावला आणि फेस तिला लागला. हौसा त्याच्यासमोर नुसती उभी होती. पळून पळून तिच्या निऱ्या ढिल्या झाल्या होत्या आणि टाचण बाहेर आलं होतं. त्याचं तिकडं लक्ष गेलं.

"पत्रावळ नेसून आली व्हय गं?" तो म्हणाला.

हौसा हसली. मला वाटलं ती रडेल, पण ती खळखळून हसली. "सुई न्हाई मिळाली," ती म्हणाली.

पुढं इंजिनाचा ड्रायव्हर दादांना शिव्या घालत होता. मी बघितलं, दादांनी नळाची सोंड टाकीतून काढलीच नव्हती. पाण्याची धार बारीक करून ते तसेच उभे होते. आम्हाला त्यांनी येताना बघितलं होतं. पाणी जेवढं पुरवता येईल तेवढं त्यांनी पुरवलं. दोन मिनिटं असतील, फार तर तीन.

सर्जेराव काही बोलत होता, मला ते ऐकू आलं नाही. मी मुद्दाम लांब झाले होते. मग गाडी हलली. त्यानं भागूला हौसाच्या हातात दिलं, दांडा धरून चढला आणि आत कुणाला तरी ओरडला, "माजी पिशवी दे रं!" डबा आमच्यापासून पुढं गेला होता तेव्हा दारातून एक खाकी गुंडाळी येऊन खडीवर पडली. मी ती उचलली. पलटणीत प्रत्येकाला बटणं लावायला देतात तसली होती ती. दोरा, चार बटणं आणि तीन सुया.

परत येताना हौसा भागूला कडेवर घेऊन लंगडत पुढं चालत होती. भागूच्या गालावरचा फेस वाळून पांढरा झाला होता. तो तिनं पुसला नाही.

आमच्या दाराशी ती थांबली. गुंडाळी उलगडून तिनं एक सुई काढली. मी हात पुढं केला.

"हातात न्हाई देत," ती म्हणाली आणि माझ्या पोलक्याच्या बाहीत ती टोचली. "तुजी आई ऐतवारी येनार ना? डबीत ठिव."

रविवारी आई आली. लुगडंही न बदलता तिनं आधी डबी मागितली. सुई उजेडात धरली, केसांतून एकदा फिरवली.

"जरा जाड वाटतेय," आई म्हणाली.

मी चुलीत लाकूड सारलं.

"तेल जास्त लावलंस होय? पण गंजू दिली नाहीस हो. शाबास." आणि मग चारही घरांत जाऊन तिनं सांगितलं, "माझ्या चंपानं सुई टिकवली." हौसाच्या दारातही सांगितलं. हौसा म्हणाली, "व्हय काकू, लई जपती ती."

पुढच्या उन्हाळ्यात हौसाला तार आली. तेव्हा माझं लग्न होऊन मी मिरजेला गेले होते. आईच्या पत्रात दोन ओळी होत्या. त्या वाचल्या आणि मला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर ती जमीन चाचपणारी हौसा. वीस मिनिटं त्या दोघांची होती. त्यातली सगळी मी खाल्ली होती. जी दोन मिनिटं मिळाली ती दादांनी दिलेली.

सतरा वर्षांनी भागूच्या लग्नाचं बोलावणं आलं. हौसानं स्वतः माणूस पाठवला होता. मांडवात शिरते न शिरते तोच ती माझा हात धरून व्याह्यांकडे घेऊन गेली. "ही चंपा. हिच्यामुळं माज्या भागूला तिच्या बापानं बघितलं." व्याही उठून उभे राहिले. एका म्हातारीनं मला हळदकुंकू लावलं. मला तिथं उभं राहवेना.

हौसा पत्रावळी मोजायला मागच्या खोलीत गेली, तेव्हा मी तिच्या मागं गेले. दार लोटलं.

"हौसा, त्या दिवशी सुई हरवली नव्हती," मी म्हणाले. सतरा वर्षं घोकलेलं वाक्य होतं. "आदल्या दुपारीच मोडली होती. माझ्या हातून. मी खोटं बोलले. तिन्हीसांजेलाही आणि सकाळीही."

ती मोजत होती. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न. मग थांबली.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"टोक माज्या गुडघ्यात घुसलं व्हतं. गाडी गेल्यावर घरी जाऊन काडलं."

ती पुन्हा पत्रावळी मोजायला लागली. "राग आला व्हता. लई. तू सासरी जाईस्तवर नीट बोललेबी न्हाई मी तुज्याशी. तुला कळलं न्हाई, तुजं लगीन ठरलं व्हतं ना." तिनं अर्धी चळत उचलून माझ्या हातात दिली. "धर. पंगत बसलीया."

"पण त्याच वेळी बोलली का नाहीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी दिव्याच्या उजेडात बघितलं होतं तसंच.

"बोलले असते तर तू तितंच रडत बसली असतीस," हौसा म्हणाली. "आन् मग त्यांचं नाव कुनी घेतलं असतं?"